सजीवांमधील स्पर्धा: कारणे, रूपे आणि परिणाम

जगण्यासाठी लागणारी एखादी गोष्ट अपुरी असते आणि ती हवी असणारे सजीव एकाहून अधिक असतात, तेव्हा त्यांच्यात स्पर्धा सुरू होते. ती गोष्ट अन्न असेल, पाणी असेल, सूर्यप्रकाश असेल, मातीतला नत्र असेल, घरट्यासाठी झाडाची ढोली असेल किंवा खडकाला चिकटून राहण्यापुरती बोटभर जागा असेल. एकाने जेवढा वाटा घेतला तेवढा दुसऱ्याला कमी पडतो. त्याची वाढ खुंटते, त्याला पिल्ले कमी होतात किंवा तो मरतो. परिसंस्थेतील इतर नात्यांपासून स्पर्धा वेगळी ओळखू येते ती एका खुणेवरून. वाघ आणि सांबर यांच्या नात्यात एकाचा फायदा व दुसऱ्याचा घात असतो. फूल आणि मधमाशी यांच्या नात्यात दोघांचाही लाभ असतो. स्पर्धेत मात्र दोन्ही बाजूंना झळ सोसावी लागते. जिंकणाराही तिच्यातून सुटत नाही, कारण प्रतिस्पर्धी नसता तर त्याच्या पदरात याहून अधिक पडले असते.

स्पर्धेच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे सजीवांची प्रजननक्षमता. प्रत्येक जातीत पुढची पिढी मागच्या पिढीपेक्षा मोठी होण्याची ताकद असते. रोहू माशाची मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. वीस मिनिटांना एकदा विभागणाऱ्या एका जिवाणूपासून, काहीही आडवे आले नाही तर, एका दिवसात बहात्तर वेळा दुपटी होऊन चारावर एकवीस शून्ये यावीत एवढी संख्या तयार होईल. सावकाश वाढणाऱ्या जातीही याला अपवाद नाहीत. हत्ती हा सर्वांत मंद प्रजनन करणारा प्राणी समजून चार्ल्स डार्विनने हिशोब मांडला होता. त्यानुसार एका जोडीपासून सुमारे ७५० वर्षांत जवळजवळ १ कोटी ९० लाख हत्ती झाले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही, याचाच अर्थ जन्मलेल्यांपैकी बहुतेकांचा वंश पुढे चालत नाही. थॉमस माल्थसने १७९८ साली मानवी लोकसंख्येबद्दल मांडलेला हा विचार डार्विनने १८३८ मध्ये वाचला आणि तो साऱ्या सजीवसृष्टीला लावला. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात जीवनसंघर्षाला स्वतंत्र प्रकरण मिळाले ते त्यामुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे साधनांची मर्यादा. परिसंस्थेत ऊर्जा येते ती सूर्याकडून, पण हिरव्या वनस्पती त्या प्रकाशाचा फार लहान अंश, साधारणपणे शेकडा एकाच्या आसपास, अन्नात बांधू शकतात. पुढे वनस्पतीकडून तृणभक्षकाकडे आणि तृणभक्षकाकडून मांसभक्षकाकडे जाताना प्रत्येक पायरीवर ढोबळ मानाने दहा टक्केच ऊर्जा पोचते. उरलेली श्वसनात, हालचालीत आणि उष्णतेच्या रूपाने खर्च होते. म्हणूनच एका मोठ्या जंगलातही वाघांची संख्या मोजकी असते. ऊर्जा निदान रोज नव्याने येते. नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी द्रव्ये त्याच त्या साठ्यातून फिरत राहतात. जो नत्र एका झाडाच्या पानात अडकला आहे, तो ते पान गळून कुजेपर्यंत दुसऱ्याच्या मुळांना मिळत नाही.

सर्वच गोष्टींसाठी स्पर्धा होते असे मात्र नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेला नियम येथे उपयोगी पडतो. झाडाची वाढ ठरते ती सर्वांत तोकड्या असलेल्या द्रव्यावर. बाकीची द्रव्ये कितीही मुबलक असली तरी उपयोग होत नाही. सजीवांमधील चढाओढही याच तोकड्या घटकासाठी असते. जमिनीवरचे प्राणी प्राणवायूसाठी एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, कारण हवेत तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. तळ्यावर जलपर्णी पसरून पाण्यातला प्राणवायू घटला की तोच प्राणवायू माशांच्या मर्यादेचे कारण बनतो. वाळवंटात मर्यादा पाण्याची, दाट सदाहरित जंगलाच्या तळाशी प्रकाशाची, खुल्या समुद्रात नत्र, स्फुरद किंवा लोह यांची आणि भरती-ओहोटीच्या खडकाळ किनाऱ्यावर बहुधा जागेची. एकाच ठिकाणी ऋतूप्रमाणेही ती बदलते. सह्याद्रीच्या उतारावर जून ते सप्टेंबर या काळात पाण्याची ददात नसते. मार्च-एप्रिलमध्ये त्याच उतारावरची झाडे पाण्यासाठी खोल मुळांवर विसंबून असतात.

स्पर्धा चालते ती दोन वाटांनी. पहिली वाट साधन वापरून टाकण्याची. वडाच्या मुळांनी जमिनीतले पाणी ओढून घेतले की शेजारच्या रोपट्याला ते मिळत नाही. यात एकाने दुसऱ्याला हातही लावलेला नसतो. अशा स्पर्धेत प्रतिस्पर्धी एकमेकांच्या नात्यातले असायला हवेत असेही नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात मुंग्या आणि उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी दोघेही वनस्पतींच्या बियांवर जगतात. जेम्स ब्राउन आणि डायना डेव्हिडसन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जागांवरून उंदीर हटवले, तेव्हा तेथे मुंग्यांची वारुळे वाढली. मुंग्या हटवल्या, तेव्हा उंदीर वाढले. कीटक आणि सस्तन प्राणी इतके दूरचे असूनही एकाच कोठारावर त्यांचा भार होता.

दुसरी वाट अटकाव करण्याची. येथे प्रतिस्पर्ध्याला साधनापर्यंत पोचूच दिले जात नाही. वाघ मूत्राचे फवारे आणि झाडांवरचे ओरखडे यांनी आपली हद्द आखतो. दयाळ पक्ष्याचा नर विणीच्या काळात पहाटेपासून गातो ते जोडीदारासाठी तसेच शेजारच्या नराला हद्दीची जाणीव देण्यासाठीही. वनस्पती रसायनांचा आधार घेतात. पुण्याजवळ १९५०च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत आपल्या मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून अशी द्रव्ये सोडते की आसपासच्या इतर बियांची उगवण मंदावते. अटकाव करायलाही ऊर्जा लागते. हद्द राखण्याचा खर्च तिच्यातून मिळणाऱ्या अन्नापेक्षा जास्त होऊ लागला, तर प्राणी ती सोडून देतात. म्हणून अन्न फार विखुरलेले असेल तेथे किंवा फार मुबलक असेल तेथे हद्दीचे भांडण सहसा दिसत नाही.

सर्वांत तीव्र स्पर्धा असते ती एकाच जातीच्या सजीवांमध्ये. कारण सरळ आहे: त्यांच्या गरजा हुबेहूब सारख्या असतात, त्याही त्याच वेळी आणि त्याच जागी. शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक असते. ज्वारी दाट उगवली की तो विरळणी करतो. उपटलेली रोपे निकोप असतात, पण ती ठेवली तर सगळीच रोपे बारीक राहून कणसे भरत नाहीत. निसर्गातही अशी विरळणी आपोआप घडते. जपानी शास्त्रज्ञ क्योजी योदा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, एकाच वयाच्या दाट रोपांमध्ये रोपे जसजशी मोठी होतात तसतशी त्यांची संख्या एका ठरावीक प्रमाणात घटत जाते. सह्याद्रीतील कारवीचे रान याचे जवळचे उदाहरण आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिकरीत्या फुलते, बी धरते आणि मरते. पुढच्या पावसात तिच्या बियांतून एकाच वयाची असंख्य रोपे एका वेळी उगवतात. त्यांतली मूठभरच पुढच्या बहरापर्यंत टिकतात. बाकीची आपल्याच भावंडांच्या सावलीत संपतात.

या अंतर्गत चढाओढीने सजीवांच्या शरीररचनेवर आणि जीवनक्रमावर खोल ठसे उमटवले आहेत. झाडाचे उंच खोड हा त्यांतला सर्वांत ठळक ठसा. खोड स्वतः अन्न तयार करत नाही; ते उभारायला आणि जगवायला झाडाला मोठी किंमत मोजावी लागते. सगळी झाडे बुटकी राहिली असती तरी सर्वांवर तेवढाच प्रकाश पडला असता. परंतु एकाने थोडी उंची गाठली की त्याची सावली शेजाऱ्यावर पडते आणि शेजाऱ्याला वर सरकावेच लागते. बियांना फुटलेले पंख, कापसासारखे तंतू, जनावरांच्या अंगाला चिकटणारे काटे आणि पक्ष्यांना भुलवणारा गर ही साधने बीजाला आईच्या सावलीपासून दूर नेतात. अनेक प्राण्यांत आईबाप आणि पिल्ले यांचे अन्नच वेगळे असते. बेडकाचे पिल्लू पाण्यातले शेवाळ खरवडते आणि मोठा बेडूक कीटक खातो. सुरवंट पाने कुरतडतो आणि फुलपाखरू मध पिते. दोन पिढ्यांतला संघर्ष त्यामुळे टळतो. जोडीदारासाठी होणारी स्पर्धा हाही याच प्रकारातला भाग आहे. चितळ नराची शिंगे आणि मोराचा पिसारा हे तिचे फलित होय.

एकाच जातीतील स्पर्धेचा आणखी एक परिणाम असा की ती जीवसंख्येला आपोआप लगाम घालते. संख्या कमी असताना प्रत्येकाला पुरेसे मिळते आणि वाढ वेगाने होते; संख्या वाढत गेली की वाटा घटतो, जन्म कमी होतात, मृत्यू वाढतात आणि वाढीचा वेग मंदावतो. बेल्जियन गणिती पिएर व्हेरहुल्स्ट याने १८३८ सालीच ही गोष्ट समीकरणात मांडली होती.

दोन वेगळ्या जाती एकाच साधनावर अवलंबून असल्या तर काय होते, हा प्रश्न विसाव्या शतकात गणिताने आणि प्रयोगाने हाताळला गेला. आल्फ्रेड लोटका आणि व्हिटो व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात आणि त्यानंतर स्वतंत्रपणे मांडलेल्या समीकरणांतून एक नेमकी अट निघाली. प्रत्येक जात दुसरीला जेवढा अडथळा करते त्यापेक्षा स्वतःलाच अधिक अडथळा करत असेल, तरच दोन्ही दीर्घकाळ सोबत नांदतात. मॉस्कोतील तरुण संशोधक जॉर्जी गाउझे याने ही अट काचेच्या नळ्यांत तपासली. पॅरामेशियम ऑरेलिया आणि पॅरामेशियम कॉडेटम या एकपेशीय जीवांच्या दोन जाती वेगवेगळ्या वाढवल्या तेव्हा दोन्ही उत्तम वाढल्या. एकाच नळीत, एकाच जिवाणूंच्या अन्नावर ठेवल्या तेव्हा ऑरेलिया टिकली आणि कॉडेटम नाहीशी झाली. ऑरेलियाने कॉडेटमवर हल्ला केला नव्हता. ती फक्त अन्नाचे रूपांतर संततीत अधिक वेगाने करत होती. त्याच कॉडेटमला पॅरामेशियम बर्सारियाबरोबर ठेवल्यावर मात्र दोघी नांदल्या, कारण एक वरच्या पाण्यातले जिवाणू खात राहिली आणि दुसरी तळाशी साचलेले यीस्ट. गाउझेचे हे काम १९३४ साली ग्रंथरूपाने आले. अगदी सारख्या गरजा असलेल्या दोन जाती एका जागी कायम राहू शकत नाहीत, या त्यातून निघालेल्या निष्कर्षाला गॅरेट हार्डिन याने १९६० मध्ये स्पर्धात्मक अपवर्जनाचे तत्त्व म्हणून मांडले.

विजेता कायमचा ठरलेला असतो असे नाही, हे शिकागोतील थॉमस पार्क याच्या प्रयोगांनी सिद्ध केले. पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या दोन जवळच्या जाती त्याने एकत्र ठेवल्या. उष्ण आणि दमट हवेत एक जात जिंकली, थंड आणि कोरड्या हवेत दुसरी. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे पिठात एक परजीवी असला की निकाल बहुतेक वेळा उलटत असे, कारण तो एका जातीला दुसरीपेक्षा अधिक पीडत होता. स्पर्धेचा निकाल प्रतिस्पर्ध्यांच्या अंगभूत बळाइतकाच हवामानावर आणि तिसऱ्या सजीवावरही अवलंबून असतो.

प्रयोगशाळेबाहेर याचा सर्वांत स्वच्छ पुरावा स्कॉटलंडच्या कंब्रे बेटाच्या किनाऱ्यावरून मिळाला. तेथील खडकांवर बार्नाकल या कवचधारी जीवांच्या दोन जाती दोन पट्ट्यांत राहतात: वरच्या पट्ट्यात लहान थॅमॅलस आणि खालच्या पट्ट्यात मोठा बॅलॅनस. थॅमॅलसच्या अळ्या खालच्या पट्ट्यातही येऊन चिकटतात, पण तेथे मोठ्या होताना दिसत नाहीत. जोसेफ कॉनेलने खालच्या भागातील काही खडकांवरून बॅलॅनस काढून टाकला, तेव्हा थॅमॅलस तेथे उत्तम जगला. म्हणजे त्याला खालची जागा मानवत नव्हती असे नसून, वेगाने वाढणारा बॅलॅनस त्याच्यावर चढून, त्याला चिरडून किंवा खालून उचकटून काढत होता. उलट बॅलॅनस वर सरकू शकत नव्हता, कारण ओहोटीत लांबवर कोरडे राहणे त्याला सोसत नव्हते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की, जातीची एक मर्यादा भौतिक परिस्थितीने आणि दुसरी मर्यादा शेजाऱ्याने ठरू शकते.

या दोन मर्यादांमधला फरक समजण्यासाठी ‘निश’ ही संकल्पना लागते. जोसेफ ग्रिनेलने १९१७ मध्ये आणि चार्ल्स एल्टनने १९२७ मध्ये ती आपापल्या परीने मांडली, जी. एव्हलिन हचिन्सनने १९५७ मध्ये तिला आजचे रूप दिले. एखादी जात कोणत्या तापमानात, किती ओलाव्यात, कोणत्या अन्नावर, दिवसाच्या कोणत्या वेळी जगू शकते, या सर्व गोष्टी मिळून तिचा निश बनतो. प्रतिस्पर्धी नसताना ती जेवढ्या विस्तारात जगू शकेल तो तिचा मूळ निश आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दाबाखाली जेवढा उरतो तो प्रत्यक्ष निश. कंब्रेच्या थॅमॅलसचा मूळ निश दोन्ही पट्ट्यांचा होता, प्रत्यक्ष निश एका पट्ट्याचा.

एकाच परिसंस्थेत जवळच्या जाती सोबत राहताना दिसल्या, की त्यांनी साधनांची वाटणी कशी केली आहे हे शोधावे लागते. हचिन्सनचा विद्यार्थी रॉबर्ट मॅकआर्थर याने अमेरिकेच्या ईशान्येकडील स्प्रूसच्या जंगलात वटवट्यांच्या कुळाशी साम्य असलेल्या पाच पक्षिजाती अभ्यासल्या. पाचही किडे खाणाऱ्या, आकाराने सारख्या आणि एकाच झाडावर वावरणाऱ्या होत्या. १९५८ च्या त्याच्या निष्कर्षानुसार कोणी शेंड्याच्या कोवळ्या डहाळ्यांवर, कोणी फांद्यांच्या मधल्या भागात, तर कोणी खालच्या बुंध्याजवळ अधिक वेळ चरत होती. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्लास कारंत आणि मेल्व्हिन संक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा यांची भक्ष्ये तपासली. वाघाचा ओढा गवा व सांबर यांसारख्या मोठ्या जनावरांकडे होता, तर बिबट्या आणि रानकुत्रा प्रामुख्याने चितळासारख्या मध्यम आकाराच्या भक्ष्यावर होते. भक्ष्य विपुल आणि वेगवेगळ्या आकारांचे असल्यामुळे तिघे एका जंगलात राहू शकत होते. मोठी जनावरे शिकारीने संपली की वाघालाही चितळाकडे वळावे लागते आणि वाटणी मोडते.

शेतीने हीच वाटणी जाणीवपूर्वक वापरली आहे. ज्वारीत तुरीची ओळ घातली जाते, तेव्हा ज्वारीची मुळे वरच्या थरात पसरतात आणि तुरीचे सोटमूळ खोल जाते. ज्वारी आधी भराभर वाढून कापणीला येते; तूर सुरुवातीला संथ असते आणि ज्वारी निघाल्यावर मोकळ्या झालेल्या प्रकाशात फोफावते. नत्रासाठीही तिला ज्वारीशी फारसे झगडावे लागत नाही, कारण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो हवेतून मिळवतात. शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडण्यामागेही हाच विचार आहे: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. एकाच जातीचे तेवढेच मासे सोडले तर एकाच थरातल्या अन्नावर सगळा भार पडेल.

अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतूनही घडते. प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोडे वेगळे अन्न घेणाऱ्यांना अधिक संतती होते आणि हळूहळू दोन जाती एकमेकींपासून दूर सरकतात. विल्यम ब्राउन आणि एडवर्ड विल्सन यांनी १९५६ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. तो डोळ्यांदेखत घडताना पाहिला पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने, गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर. तेथील मध्यम आकाराच्या भू-फिंच पक्ष्यांमध्ये १९७७ च्या दुष्काळात मोठ्या चोचीचे पक्षी अधिक वाचले. आपल्याकडच्या सराट्याच्या कुळातील एका वनस्पतीची टणक फळे तेच फोडू शकत होते. १९८२ पासून मोठा भू-फिंच त्या बेटावर येऊन स्थिरावला. २००४ च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा टणक फळे या मोठ्या पाहुण्याने संपवली आणि मध्यम फिंचमधील मोठ्या चोचीचेच पक्षी अधिक मेले. पुढच्या पिढीची सरासरी चोच लहान झाली. दुष्काळ दोन्ही वेळी होता, निवडीची दिशा मात्र प्रतिस्पर्ध्याच्या उपस्थितीने उलटली.

काही जाती स्पर्धेतून सुटतात त्या इतरांना न सोसणाऱ्या जागा पत्करून. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावरची माती पातळ आणि नत्राला पारखी आहे. जोमाने वाढणाऱ्या वनस्पतींचा तेथे टिकाव लागत नाही. दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती मात्र मातीत न मिळणारा नत्र किड्यांच्या शरीरातून मिळवतात. सुपीक जमिनीत त्या उंच गवताखाली झाकल्या गेल्या असत्या. खाजणातल्या खारफुटीचेही असेच आहे: क्षार आणि चिखल सहन करण्याची किंमत मोजून तिने बहुतेक प्रतिस्पर्धी मागे टाकले आहेत.

वाटणीने सगळेच कोडे सुटत नाही. पाण्याच्या एका थेंबात सूक्ष्म शैवालांच्या कितीतरी जाती आढळतात. सर्वांना प्रकाश आणि तीच थोडी द्रव्ये हवी असतात, तरीही त्या एकमेकींना संपवत नाहीत. हचिन्सनने १९६१ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले. एक उत्तर डेव्हिड टिलमनच्या प्रयोगांतून मिळाले. डायाटम या सूक्ष्म शैवालाच्या दोन प्रकारांपैकी एक फॉस्फेटच्या टंचाईत सरस होता आणि दुसरा सिलिकेटच्या टंचाईत. दोन्ही द्रव्ये अशा प्रमाणात दिली की प्रत्येकाला वेगळेच द्रव्य कमी पडेल, तर दोघे सोबत राहत. दुसरे उत्तर काळाचे आहे. तापमान, प्रकाश आणि प्रवाह सतत बदलत असतात. एक जात पूर्ण जिंकण्याआधीच परिस्थिती पालटते आणि पारडे दुसरीकडे झुकते.

तिसरे उत्तर शिकाऱ्याचे आहे. रॉबर्ट पेनने अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका पट्ट्यातून पिसास्टर हा तारामासा काढून टाकत राहण्याचा प्रयोग केला. तारामासा प्रामुख्याने शिंपले खात असे. तो जाताच शिंपल्यांनी खडक व्यापला आणि त्या भागातील जातींची संख्या पंधरावरून आठवर आली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा मथितार्थ असा की, सर्वांत बलवान प्रतिस्पर्ध्याला खाऊन शिकारी दुबळ्यांना जागा मिळवून देतो. वणवे, पूर, वादळे आणि चराई हेही असेच काम करतात. माधव गाडगीळ आणि ओटो सोलब्रिग यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील डँडेलियन या रानफुलाच्या प्रकारांवर केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. वारंवार तुडवल्या जाणाऱ्या हिरवळीत भरपूर बी धरणारा प्रकार अधिक होता. फारशी ढवळाढवळ नसलेल्या जागी पानांवर अधिक खर्च करून शेजाऱ्यावर मात करणारा प्रकार अधिक होता. भराभर पसरण्याची आणि गर्दीत टिकून राहण्याची क्षमता एकाच देहात पूर्णांशाने येऊ शकत नाही, म्हणून दोन्ही प्रकारांना कुठे ना कुठे स्थान मिळते.

माणसाने जाती एका खंडातून दुसऱ्या खंडात नेल्या, तेव्हा हजारो वर्षांत बसलेली ही घडी अनेक ठिकाणी विस्कटली. दक्षिण अमेरिकेतून ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणलेली घाणेरी आज भारतातल्या असंख्य जंगलांचा तळ झाकून बसली आहे. तिच्या जाळीखाली गवत आणि झाडांची रोपे उगवत नाहीत, त्यामुळे चितळ आणि गवा यांचा चारा घटतो. १९५२ साली भारतात आलेला तिलापिया, म्हणजेच मासळीबाजारातला चिलापी, वर्षातून अनेकदा प्रजनन करतो आणि तलावांतल्या देशी माशांच्या अन्नावर व विणीच्या जागांवर हक्क सांगतो. ब्रिटनमध्ये १८७६ पासून सोडल्या गेलेल्या अमेरिकेच्या करड्या खारीने तेथील तांबड्या खारीला बहुतेक भागातून हुसकावले. ती अन्न अधिक कार्यक्षमतेने वापरते आणि तांबड्या खारीला मारक ठरणारा विषाणूही बाळगते. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तरीही घडी विस्कटते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे १९९०च्या दशकापासून भारतातली गिधाडे झपाट्याने संपत गेली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर मेलेल्या जनावरांच्या मांसावर गिधाडांऐवजी भटकी कुत्री पोसली जाऊ लागली होती आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही वाढला.

परिसंस्थेतली प्रत्येक रचना स्पर्धेने घडते, असे मानणेही चूक ठरेल. ऑस्ट्रेलियातील हर्बर्ट आंद्रेवार्था आणि चार्ल्स बर्च यांनी १९५४ मध्ये दाखवले की, काही कीटकांची संख्या हवामानच इतकी खाली ठेवते की अन्नासाठी स्पर्धेची वेळच येत नाही. सायबेरियात फिरलेल्या पीटर क्रोपोटकिन याने १९०२ च्या ग्रंथात कठोर हवामानात परस्परसाह्य अधिक मोलाचे ठरते असे म्हटले होते. पुढे मार्क बर्टनेस आणि रॅगन कॅलवे यांनी १९९४ मध्ये वनस्पतींबद्दल जवळपास तोच विचार मांडला: सुखावह परिस्थितीत शेजारी प्रतिस्पर्धी असतो, खारट, कोरड्या किंवा गोठणाऱ्या जागी तोच आडोसा देणारा ठरतो. कॉनेलनेही १९८० मध्ये इशारा दिला की, दोन जातींत आज दिसणारा फरक हा प्राचीन स्पर्धेचाच परिणाम आहे असे पुराव्याशिवाय धरून चालता येत नाही. तसेच स्पर्धेच्या तत्त्वावरून मानवी समाजात बलवानाने दुबळ्याला संपवणे योग्य ठरवण्याचे जे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाले, त्यांना जीवशास्त्राचा आधार नाही. निसर्गात जो टिकतो तो त्या जागी, त्या काळी अधिक संतती मागे ठेवतो एवढेच विधान विज्ञान करते. काय योग्य, हे ते सांगत नाही.

म्हणून एखाद्या परिसंस्थेत स्पर्धा आहे की नाही हे ठरवताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. दोन सजीवांना एकच साधन लागते का; ते साधन त्या जागी आणि त्या ऋतूत खरोखर तोकडे आहे का; आणि एकाला दूर केल्यावर दुसऱ्याची संख्या, वाढ किंवा विस्तार बदलतो का. तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरच स्पर्धेचे विधान भक्कम होते. साम्यातून सुरू झालेली ही चढाओढ कधी एका जातीला हद्दपार करते, कधी दोघींना वेगळ्या वाटांनी नेते, तर कधी शिकारी, परजीवी किंवा बदलते हवामान तिचा निकालच लागू देत नाही. यांपैकी काय घडेल हे ठरते ते मर्यादा नेमकी कशाची आहे आणि ती बदलणारे इतर घटक त्या परिसंस्थेत किती शाबूत आहेत, यावर.